स्वप्नातला व्हर्नियर

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामासाठी वाळूत ठसा उमटवणारे नमुने (पॅटर्न) बनवण्याच्या कारखान्यात, मार्चभर एका पंपाची बॉडी अडून बसली होती. आतल्या कडेचा लूज पीस, म्हणजे पॅटर्न उचलल्यावर वाळूतच राहणारा आणि मग आडवा सरकवून काढायचा सुटा तुकडा, 22 मिलीमीटर खोल होता आणि मुख्य पॅटर्न उचलल्यावर वाळूत मोकळी राहणारी जागा अवघी 18 मिलीमीटर. तो काढायला गेले की वाळू ढासळणारच. कोअर, म्हणजे वाळूचा वेगळा गाभा, घालावा तर प्रत्येक कास्टिंगमागे खर्च वाढणार, आणि गिऱ्हाईक ते मान्य करणार नव्हते.

स्वप्नात असतानाच 'हे स्वप्न आहे' असे कळणे, म्हणजे ल्युसिड ड्रीम, याचा सराव मी दोन वर्षे करतो आहे. हे थोतांड नव्हे. 1975 मध्ये इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाने आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून दिलेली खूण यंत्रावर टिपली होती. त्या झोपेत अंग शिथिल असले तरी डोळे हलतात. स्वप्नांची ही झोप पहाटेकडे लांबत जाते, म्हणून मी साडेचारला उठून अर्धा तास ड्रॉइंग पाहतो आणि 'स्वप्न पडले की ओळखायचे' असे घोकत पुन्हा आडवा होतो. हे आठवड्यातून एकदाच. रोज केले तर दुपारी मशीनपाशी डुलक्या येतात.

त्या पहाटे मी पापाच्या तिकटीजवळच्या कुंभार गल्लीत उभा होतो. हातातल्या व्हर्नियरवर, म्हणजे बारीक मापे घ्यायच्या पट्टीवर, 18 वाचले, नजर हटवून पुन्हा पाहिले तर 71. स्वप्नात आकडे टिकत नाहीत, हीच माझी खूण. पूर्वी इथवर आलो की मी उत्तरच मागत असे आणि हटकून जाग येई. या वेळी काही न मागता समोरच्या गणपतीच्या साच्यात हात घातला. सोंडेमागचा तुकडा अडला होता. ओढताच त्याचे दोन थर झाले आणि मागचा थर पुढच्यातून आरपार निघून हातात आला.

उठताक्षणी सगळे फोनवर बोलून ठेवले. शास्त्रज्ञ ओट्टो लोवी यांना स्वप्नात प्रयोगाची कल्पना सुचली, पण रात्री खरडलेले स्वतःचेच अक्षर सकाळी लागले नव्हते. तीच कल्पना पुढच्या रात्री पुन्हा सुचली म्हणून नसांचे संदेश रसायनांतून जातात हे दाखवणारा बेडकाच्या हृदयावरचा तो प्रयोग झाला आणि 1936 चे नोबेल मिळाले. (त्यांचे स्वप्न ल्युसिड नव्हते, हेही खरे.) माझे अक्षर तर दिवसाही लागत नाही.

स्वप्नातला क्रम अर्थातच चुकीचा होता. लूज पीस 11-11 मिलीमीटरच्या दोन थरांत कापला, पुढचा आधी काढला, मग मागचा सरकवून घेतला. वाळू हलली नाही. मिस्त्री म्हणाले, "हे जागेपणी सुचलं असतं की वो!" मग त्यांनीच दोन्ही थरांवर लाल रंगाने 1 आणि 2 लिहिले.