आमच्या ओटीतली कोरी वही

कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये मी ऑपरेशन थिएटरची, म्हणजे ओटीची, इन्चार्ज सिस्टर. एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जासाठी मिळणाऱ्या राष्ट्रीय मानांकनाची तयारी सुरू झाली आणि ओटीचे कागद लावायचं काम माझ्या गळ्यात आलं. कागद म्हणाल तर सगळे होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली आणलेली सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट प्रत्येक फाइलला होती, १९ मुद्दे, सगळ्यांवर टिक. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी थांबून ती मोठ्यानं वाचायची असते. आमच्याकडे ती केस संपल्यावर, चहा येईपर्यंत भरली जायची. आणि ‘निअर मिस’ची वही, म्हणजे चूक होता होता टळली तर लिहायची ती, पहिल्या पानापासून कोरी. मॅनेजर साहेबांना त्याचा अभिमान होता.

आधी सगळ्यांना प्रश्नावली दिली, नाव न लिहिता भरायची. ‘चूक झाली की आपल्याच अंगावर शेकते असं वाटतं का?’ असले प्रश्न. फॉर्म परत आले ते बरेचसे एकाच हाताचे. मावशींना वाचता येत नाही म्हणून टेक्निशियननं त्यांचे भरले, भरतोयच तर मामांचेही भरून टाकले. सगळीकडे ‘नाही’. लिनन मोजता मोजता एका मावशींना सहज विचारलं तर म्हणाल्या, “सिस्टर, आमी कशाला बोलायचं? सर वरडत्यात.” सर्वेक्षण माझ्यापुरतं तिथंच झालं.

बैठकीत मी आकडे मांडले. दिल्लीसह आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत ही चेकलिस्ट वापरली आणि मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं, हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. भूलीचे सर म्हणाले, “आणि कॅनडातल्या ऑन्टारिओचं? १०१ हॉस्पिटलांत लागू केली, म्हणावा असा फरक पडला नाही. २०१४ चा पेपर आहे, वाचा.” राग आला, पण वाचला. सर म्हणत होते ते खरंच होतं. टिक मारायला कुणीही लावू शकतं. माझ्या मते खरा प्रश्न मावशींनी सांगितलेलाच होता.

सुरुवात नावापासून केली. एका दिवसाच्या लिस्टवर दोन-तीन पाटील नसतील तर ते कोल्हापूर कसलं! “आक्काताई पाटील ना?” म्हटलं की घाबरलेली बाई कशालाही “व्हय” म्हणते. म्हणून ‘पूर्ण नाव तुम्हीच सांगा’ असं ठरलं. राधानगरीकडच्या एक आजी स्वतःचं नाव सांगून गप्प. नवऱ्याचं नाव काही घेईनात! जन्मतारीख विचारावी तर आधारवर १ जानेवारी, आणि तीही त्यांना ठाऊक नाही. शेवटी मनगटावरच्या पट्टीचा नंबर फाइलशी जुळवला आणि कुठल्या बाजूचं ऑपरेशन ते आजींनाच बोटानं दाखवायला लावलं. आता सगळ्यांनाच तसं करतो. कुठल्याही छापील नमुन्यात हे सापडायचं नाही.

खरी कसोटी लागली ती पोटाच्या एका केसला. मॉप, म्हणजे पोटातलं रक्त टिपायचे कापडी तुकडे, पाच-पाचच्या गठ्ठ्यात येतात, प्रत्येकात एक्स-रेमध्ये दिसणारा धागा असतो. सुरुवातीला, पोट शिवण्याआधी आणि कातडी शिवताना मोजायचे, आकडा फळ्यावर. शिवायच्या वेळी फळ्यावर २०, मोजून १९. स्क्रबला, म्हणजे सर्जनच्या हातात हत्यारं द्यायला, असलेल्या नव्या पोरीचा आवाजच फुटेना. फ्लोअरवरची सिस्टर म्हणाली, “सर, एक मॉप कमी आहे.” “नीट मोजा.” पुन्हा १९. सरांच्या हातात सुई तशीच. तेव्हा भूलीचे सर, हो, तेच ऑन्टारिओवाले, म्हणाले, “पेशंट स्टेबल आहे, शोधा निवांत.” सुई ट्रेमध्ये गेली. पोटात पुन्हा हात घालून पाहिलं, ड्रेपखाली पाहिलं, नाही. मामा एक्स-रे मशीन आणायला निघाले, एवढ्यात दारातून मावशी म्हणाल्या, “मगाशी वली शीट काढली, तिच्यात बघा की.” गाठोडं सोडलं, तर मॉप ओल्या शीटला चिकटलेला.

तेव्हापासून मोजणी जुळल्याशिवाय लिननचं गाठोडं आणि पिवळी पिशवी थिएटरबाहेर जात नाही. ही सूचना मावशींचीच.

वहीत हे कुणी लिहायचं म्हणून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सर्जन सरांनी वही मागून घेतली आणि स्वतः लिहिलं: काय झालं, कुठं सापडलं, पुढे काय करायचं. नाव कुणाचंच नाही, खाली सही स्वतःची. मी घेतलेल्या सगळ्या ट्रेनिंगपेक्षा त्या सहीनं जास्त काम केलं. नावाचा रकाना आम्ही काढूनच टाकला आणि नोंदी यायला लागल्या. संमतीपत्रावर डावा, लिस्टवर उजवा. बायोप्सीच्या डबीला लेबल नाही. चीर देण्याआधीच्या तासाभरात द्यायचं अँटिबायोटिक वॉर्डात पहाटेच देऊन झालेलं. मॅनेजर साहेबांचा चेहरा उतरला, “हे सगळं बाहेरच्यांना दाखवायचं?” दाखवलं. तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी सगळ्यात जास्त वेळ तीच वही वाचली.

मानांकन मिळालं. रात्रीच्या इमर्जन्सी सिझेरियनला मात्र टाइम-आउट, म्हणजे चीर देण्याआधीचं ते थांबून वाचणं, अजून उरकलं जातं. बाळाचे ठोके पडत असताना १९ मुद्दे कोण वाचत बसणार, हे मलाही कळतं. म्हणून भिंतीवर मोठ्या अक्षरांत मराठी तक्ता लावलाय: नाव, रक्त, अँटिबायोटिक, मोजणी. निदान तेवढं तरी रात्रपाळीला म्हटलं जातं का, ते बघायला या आठवड्यात मीच नाइट लावून घेतलीय.