बाळाची खोली तयार, पण बाळ तिथे झोपणार नाही

सुनेला आठवा लागलाय, म्हणून मी इंग्लंडमध्ये रेडिंगला आलेय. लेकाचं घर इथल्या जुन्या टेरेस घरांपैकी, म्हणजे एकाला एक चिकटलेल्या रांगेतलं, वर दोन बेडरूम आणि एक बॉक्स रूम, म्हणजे अगदी छोटी खोली. तीच बाळाची खोली करायचं ठरलं. १२० बाय ६० सेंटीमीटरची बाळाची कॉट ठेवली की दार जेमतेम उघडतं, त्यात कॉट रेडिएटरजवळ नको, खिडकीखाली नको, ब्लाइंडची दोरी बाळाच्या हाताला लागायला नको, हे सगळं सांभाळून लेकाने ती बसवली, भिंत पिवळी केली, आणि मग हेल्थ व्हिजिटर बाई, म्हणजे घरी येणाऱ्या सरकारी नर्स, आल्या आणि म्हणाल्या की पहिले सहा महिने बाळाला रात्री आणि दिवसाही मोठ्यांच्याच खोलीत झोपवा.

बाळ व्हायच्या आधीच कोणी घरी येऊन ते कुठे झोपणार हे बघून जातं, तेही फुकट, ह्याचं मला फार कौतुक वाटलं. गावाकडे आशाताई येतात, पण आमच्या पुण्यातल्या सोसायटीत कोण येतंय? आणि एका खोलीत झोपायचं म्हणाल तर आम्ही दुसरं काय करत होतो! इथल्याच ब्रॅडफर्ड शहरात संशोधकांनी पाकिस्तानी घरांतली आणि गोऱ्यांची बाळं कशी झोपतात हे पाहिलं, त्यात पाकिस्तानी घरांतलं बाळ एकटं वेगळ्या खोलीत फारसं झोपत नाही असं दिसलं, आणि आपल्याकडच्या लोकांच्या बाळांमध्ये कॉट डेथ, म्हणजे तान्ह्या बाळाचे झोपेत अचानक होणारे मृत्यू, इथे कमी आहेत. हे मी सुनेला दोनदा ऐकवलं.

पण पुढची यादी ऐकून माझं डोकं फिरलं. उशी नको, गोधडी नको, घरात टोपरं नको, खोली १६ ते २० अंश. अहो, १६ अंशाला आम्ही स्वेटर काढतो! आणि टोपरं नको म्हणजे काय, टाळू उघडी? आईच्या नऊवारीची गोधडी मी हाताने धावदोरा घालून शिवलीय, मऊ सुती कापडात मोहरी भरून उशी केलीय, माझी दोन्ही मुलं अशाच उशीवर झोपली, डोकी बघा कशी गोल आहेत. बाई म्हणाल्या, बाळाची उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते, टोपरं असलं तर बाळ फार तापतं. उशी सरकून तोंडावर येते.

ॲन डायमंड म्हणून टीव्हीवरच्या बाई होत्या, त्यांचं बाळ १९९१ साली असंच झोपेत गेलं, त्यांनी आवाज उठवला आणि त्याच वर्षी बाळाला उताणं झोपवायची मोहीम निघाली. त्यानंतर असे मृत्यू झपाट्याने कमी झाले. उताणं तर आपण निजवतच होतो, ते ह्यांना उशिरा कळलं. पण ज्या आईचं बाळ गेलं तिच्यापुढे मी माझ्या मोहरीचा हट्ट धरणार नाही. उशी बॅगेत परत ठेवलीय. गोधडी मात्र नाही, ती जमिनीवर अंथरून त्यावर मालीश करणार, बाळ जागं असताना त्याला कोणाची हरकत नाही.

बॉक्स रूममध्ये आता मी झोपते, कॉट त्यांच्या पलंगाशेजारी गेली. बारशाला पाळणा टांगायला इथे छताला कडी नाही, कॉटलाच झेंडूची माळ बांधू. गोविंद घ्या गोपाळ घ्या करायला बायका हव्यात, म्हणून ओळखीच्या दोघीतिघींना आत्ताच सांगून ठेवलंय.