आठ झगे, आठ घोडे आणि एक नाडी

गेल्या रविवारी घोडेस्वारीच्या स्पर्धेत माझ्यामुळे आठ जणींचे गुण कापले गेले. एका नाडीपायी. नंतर त्या आठही जणींनी मला मिठी मारली, एकीने तर चुरोचा, म्हणजे तळलेल्या गोड कांड्यांचा, गरम पुडा हातात कोंबला, पण चार दिवस झाले तरी डोक्यातून जात नाही. म्हणून लिहूनच टाकते.

आम्ही तीन वर्षांपासून मेक्सिकोत आहोत, ग्वादालाहाराला चिकटलेल्या सापोपानमध्ये. नवऱ्याची आयटीतली नोकरी. मी कोल्हापुरात पंधरा वर्षं ब्लाउज, परकर, लहान मुलींची परकर-पोलकी शिवायचे. येताना मशीन आणता आलं नाही, ते भावजयीला दिलं. इथे एक जुनं विकत घेतलं, आणि त्याच्या आवाजावर समोरच्या घरातली बाई आली. मला स्पॅनिश येत नव्हतं, तिला इंग्रजी येत नव्हतं. तिने घरातून एक झगा आणला, उलटा करून त्याची दुमड दाखवली आणि भुवया उंचावल्या. मी मान डोलावली. तेव्हापासून ती मला 'कोमाद्रे' म्हणते, म्हणजे जिवाची मैत्रीण, आणि मी तिला 'ताई' म्हणते. तिला वाटतं ते माझ्याकडचं 'कोमाद्रे'च आहे, आणि ते काही चूक नाही.

तो झगा तिच्या लेकीचा होता. लेक एस्कारामुसामध्ये आहे.

एस्कारामुसा म्हणजे घोड्यावरची कवायत, फक्त बायकांची, आठ जणींची. शब्दाचा अर्थ चकमक. इथे चारेरिया नावाचा घोडेस्वारीचा राष्ट्रीय खेळ आहे. युनेस्कोने 2016 साली त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यात पुरुषांचे नऊ प्रकार: दोर फेकून घोडीचे पाय अडकवायचे, बैलाची शेपटी धरून त्याला लोळवायचं, असले. (ते बघताना मी अर्धा वेळ डोळे मिटून घेते.) दहावा प्रकार बायकांचा. 1953 साली मेक्सिको सिटीत त्याची सुरुवात झाली. बरीच वर्षं तो दोन खेळांच्या मधला करमणुकीचा भाग होता, मग नियम आले, पंच आले, राष्ट्रीय स्पर्धा आली.

मैदानाला लिएन्सो म्हणतात. वरून पाहिलं तर पळीसारखं दिसतं. पळीचा दांडा म्हणजे 60 मीटर लांब आणि 12 मीटर रुंद पट्टा, आणि पळीची वाटी म्हणजे 40 मीटर व्यासाचं गोल रिंगण. सगळी कवायत त्या वाटीत. चाळीस मीटर ऐकायला बरं वाटतं. त्यात आठ घोडे भरधाव सोडा, चार एकीकडून, चार समोरून, आणि मध्यावर एकमेकांतून आरपार जायला सांगा, मग कळतं चाळीस मीटर म्हणजे किती कमी.

आणि हे सगळं दोन्ही पाय डाव्या बाजूला सोडून.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तिचा पहिला प्रश्न, "दोन्ही पाय एकीकडे? मग पडत नाहीत का गं?" मी म्हटलं, तू बाबांच्या स्कूटरवर साडी नेसून चाळीस वर्षं बसलीस, कधी पडलीस? तिला ते पटलं. खोगिराला आल्बार्दा म्हणतात. त्याच्या पुढच्या डाव्या अंगाला दोन वाकडी शिंगं असतात. उजवा पाय त्यावरून आणून अडकवायचा, डावा पाय रिकिबीत. रिकीब एकच. म्हणून टाचेचा काटाही एकच, डाव्या बुटाला. उजव्या बाजूला पायच नाही, तर घोड्याला त्या बाजूने इशारा कसा द्यायचा? हातातल्या आखूड चाबकाने. तो चाबूक मारण्यासाठी नसतो, तो उजवा पाय असतो. हे मला ताईच्या लेकीने सांगितलं, आणि त्या दिवसापासून मी तिच्या हाताकडे वेगळ्या नजरेने बघते.

मी तिला बदल्यात आमच्या कावळा नाक्यावरचा ताराराणींचा पुतळा दाखवला. घोडा मागच्या दोन पायांवर उभा, आणि राणी पुरुषासारखी दोन्हीकडे पाय टाकून. सोबत नऊवारीचा काष्टा कसा घालतात तेही ओढणी नेसून दाखवलं. पोरगी बराच वेळ बघत बसली. मग आईला म्हणाली, यांच्याकडे झगासुद्धा आहे आणि दोन्हीकडे पायही टाकता येतात, मग आपण असे का बसतो? ताईने उत्तर दिलं नाही. नियम आहे, एवढंच म्हणाली.

नियमांचं पुस्तक मी आधी हसण्यावारी नेलं होतं. घोड्यांबद्दलचे नियम कळायचे. चाल कॅन्टरची, म्हणजे मध्यम दौडीची, ठेवायची, एखादा घोडा मध्येच दुडकीवर आला तर गुण जातात. अंतर सारखं हवं, रांग तुटता कामा नये, धडक तर नकोच. प्रत्येक आकृतीला तिच्या अवघडपणाप्रमाणे किंमत असते. आबानिको म्हणजे पंखा: सगळ्या एका रांगेत, आतली जवळजवळ जागच्या जागी आणि बाहेरची जिवाच्या आकांताने पळणारी. फ्लोर म्हणजे फूल. कोलादेरो म्हणजे गाळणी, दोन रांगा एकमेकींच्या फटींतून गळून जातात. यात सगळ्यात भीतीदायक गाळणीच. समोरची आपल्याकडेच येतेय असं वाटत असताना लगाम ओढायचा नाही. ओढला तर मागचीचं गणित चुकतं, आणि मागची ओढते तर तिच्या मागचीचं.

कवायतीशिवाय पुन्ता असते. निवडलेली स्वार पट्ट्यातून एकटी सुसाट येते आणि रिंगणात घोडा मागच्या पायांवर बसवून घसरत थांबवते. वाळूत दोन समांतर रेषा उमटतात, पंच त्या रेषा वाकून बघतात. रेषा सरळ आणि सलग हव्यात. मला ते रांगोळीच्या रेषेसारखं वाटतं, हात थबकला की दिसतंच.

हे सगळं ठीक. पण पोशाखाचे नियम वाचून मी म्हटलं होतं, एवढं तर आमच्या सासूबाईंनीही लग्नात बघितलं नव्हतं. झगा आदेलिता पद्धतीचा, म्हणजे 1910 च्या क्रांतीत सैन्याबरोबर गेलेल्या बायकांच्या कपड्यांवरून घेतलेला. गळा बंद, बाही पूर्ण, घेर मोठा, खाली बुटापर्यंत. आत फुगीर परकर, त्याच्या आत गुडघ्याखाली जाणारी विजार. कमरेला पट्टा, मागे त्याची गाठ. केस मानेवर बांधलेले आणि त्याला बो. कानात डूल हवेतच, पण लोंबते नकोत. टिकल्या, चमचम काही नको. टोपी हनुवटीखाली पट्ट्याने घट्ट, पडली तर गुण गेले. आणि आठही जणींचं सगळं एकसारखं. पुरुषांच्या पोशाखालाही नियम आहेत म्हणे, पण त्यांच्या विजारीच्या आत काय आहे ते बघायला कुणी वाकत नाही, एवढं मी पाहिलंय.

तर यंदा आठही झगे मी शिवले. फिकट पिवळा सुती कपडा, त्यावर मातकट तांबडी पाइपिंग. पहिला धडा कापडानेच शिकवला. सातव्या झग्याला तागा संपला, दुकानातून त्याच रंगाचा दुसरा आणला, आणि घरात आणून उन्हात धरला तर एक छटा कमी. माझ्या मशीनवरच्या दिव्यात दोन्ही सारखेच दिसत होते. ताई म्हणाली, पंच दिव्याखाली बसत नाहीत, उन्हात बसतात. दोन झग्यांचं कापड पुन्हा घेतलं, उन्हात पहिल्या सहांशी जुळवून.

दुसरा धडा मापाचा. ब्लाउजचं माप उभं राहून घेतात. मी तशीच घेतली. मुली घोड्यावर बसल्या आणि सगळ्या झग्यांची उजवी बाजू वर चढली, कारण उजवा पाय शिंगावर असतो, गुडघा वाकलेला. उभी असताना सरळ दिसणारी दुमड घोड्यावर तिरकी. आठही दुमडी उसवल्या. मग ताईच्या अंगणात एका बाकावर खोगीर बांधलं, एकेकीला त्यावर बसवलं आणि जमिनीवर पालथी पडून टाचण्या लावल्या. उजवीकडे चार बोटं जास्त. हे नियमांच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं, पण त्याशिवाय नियम पाळता येत नाही.

सरावाला मी दर गुरुवारी जायचे. बेंचवर बसून काजं करायची आणि ऐकायचं. कॅप्टन शिटी वाजवत नाही, ओरडते. खुरांच्या आवाजात तिचं ओरडणं मला कळत नसे, मुलींना कळायचं. एकदा गाळणीत एकीचा झगा वाऱ्याने उडून शेजारच्या घोड्याच्या तोंडावर आला, घोडा बिचकून बाजूला झाला आणि सगळी रांग विस्कटली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घेराला वजन का हवं, पट्ट्याची टोकं लोंबती का नकोत, परकर झग्याला धरून का बसायला हवा. मी ज्याला नखरा समजत होते ते खोगिराइतकंच स्वारीचं सामान होतं. घरी येऊन आठही घेरांच्या दुमडीत जाड फीत घातली.

एक गोष्ट मात्र मी कोल्हापूरच्या सवयीने केली. परकराला नाडी घातली.

ताईने विचारलं होतं, हुक का नाही? मी तिला ऐटीत सांगितलं, आमच्याकडे बायका याच नाडीवर शेतात राबतात, जत्रेत नाचतात, बस पकडतात. नेफा, नाडी, गाठ. हजारेक परकर तरी शिवले असतील मी.

रविवारी सकाळी मुलींनी एकमेकींचे बो सरळ केले, डूल तपासले, एकीच्या बुटावरची धूळ दुसरीने ओल्या कापडाने पुसली. मीही आठ जणींच्या भोवती फिरून दोरे कापले. तपासणीत एकही खूण पडली नाही. पंच बाई आमच्या दुमडीपाशी क्षणभर थांबल्या आणि पुढे गेल्या. ताईने माझा दंड एवढा दाबला की वळ उठला.

मग बँडने सूर धरला आणि आठही जणी पट्ट्यातून आत आल्या. पंखा सुंदर झाला. फूल उमललं. गाळणी सुरू झाली, मी श्वास धरला, पहिली जोडी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली, आणि चौथीत मला पिवळ्या घेराखालून पांढरं काहीतरी दिसलं. दोन बोटं. मग वीतभर. परकर घसरत होता. स्वार ताईचीच लेक. तिला कळलं होतं, कारण तिची डावी कोपर अंगाशी चिकटली. पण हात खाली गेला नाही, लगाम ढिला पडला नाही, वेग कमी झाला नाही. उरलेल्या आकृत्या तिने तो परकर मांडीने धरून पुऱ्या केल्या. शेवटच्या वंदनाला आठही घोडे एका रेषेत थांबले. सात पिवळे झगे, आणि एक पिवळा-पांढरा.

गुण कापले गेले. पहिला नंबर त्याशिवायही आला नसता, असं कॅप्टन म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं, खरंच म्हणत होती की माझ्यासाठी म्हणत होती ते कळलं नाही.

घरी आल्यावर तो परकर मी टेबलावर पसरला. गाठ सुटली नव्हती. गाठ होती तशीच होती, माझ्याच हातची. नाडी नवीन होती, गुळगुळीत, आणि घोड्याच्या प्रत्येक उसळीला नेफ्यातून थोडी थोडी सरकत गेली होती. चालताना, नाचताना कंबर एका लयीत हलते. इथे ती कोरडे झटके खाते, आणि तेही एकाच बाजूला वळलेली.

रात्री आईला सांगितलं. ती म्हणाली, "नाडी आधी धुऊन घ्यायची होतीस. कोरी नाडी सरकते, हे तू शाळेत असतानाच मी तुला सांगितलं होतं." खरंच सांगितलं होतं.

पुढची स्पर्धा तीन आठवड्यांनी आहे. आठही परकरांना आता रुंद पट्टी, दोन हुक आणि वरून झग्याच्या कमरेला अडकणाऱ्या चार लूप लावतेय. नाडीही ठेवलीय, धुऊन, आतल्या बाजूने. ताई बघून हसली, पण काढ म्हणाली नाही. सहा झाले, दोन उरलेत.