पोटदुखीचा रकाना

८ नोव्हेंबर २०२१, सोमवार. सकाळचे सव्वासात. शाळेच्या ऑफिसातला फोन वाजला आणि पलीकडून चक्क मराठी आलं, "ताई, तुम्हीच आहात ना? बरं झालं बाई, मशीन नाही लागलं."

मी न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीतल्या एका मिडल स्कूलमध्ये हजेरीचं काम बघते. हुद्दा 'अटेंडन्स सेक्रेटरी'. कराडला आईला सांगताना मी "शाळेत क्लार्क आहे" एवढंच सांगते, कारण काम तेच आहे. सहावी ते आठवीची मुलं. मूल येणार नसेल तर पालकांनी सकाळी फोन करून कारण सांगायचं, मी ते उतरवून घ्यायचं, सॉफ्टवेअरमध्ये भरायचं. ताप, दाढदुखी, आजी वारली, गाडी चालू होईना. करोनाच्या आधी ह्या यादीकडे कुत्रंही फिरकत नव्हतं. मग एकदम ती सोन्याची झाली. शाळेत किती मुलं आजारी आहेत हे सगळ्यात आधी कळायचं ठिकाण म्हणजे माझ्या टेबलावरचा फोन. हॉस्पिटल नाही, सरकारी प्रयोगशाळा तर नाहीच.

इथल्या 'स्कूल डिस्ट्रिक्ट'बद्दल आधी सांगते, कारण भावाला फोनवर समजावताना नेहमी घोळ होतो. आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणू नका. न्यू जर्सीत काउंट्या २१, पण स्कूल डिस्ट्रिक्ट जवळपास सहाशे. काही डिस्ट्रिक्ट म्हणजे एक गाव आणि त्याची दोन-तीन शाळा एवढाच जीव. प्रत्येकाचं निवडून आलेलं किंवा नेमलेलं बोर्ड वेगळं, सुपरिंटेंडंट वेगळा, आणि करोनात प्रत्येकाचा आकड्यांचा तक्ताही वेगळा. आमचा तक्ता दर शुक्रवारी दुपारी वेबसाइटवर चढायचा: शाळेचं नाव, विद्यार्थी, कर्मचारी. शेजारचं गाव ह्या आठवड्यातले नवे रुग्ण दाखवायचं. त्याच्या पलीकडचं गाव सप्टेंबरपासूनची बेरीज दाखवायचं. पालक मात्र तिन्ही आकडे शेजारी ठेवून कुठली शाळा 'सेफ' ते ठरवायचे. आमच्या मराठी ग्रुपवर तर असे स्क्रीनशॉट क्रिकेटच्या स्कोअरसारखे फिरत.

आणि देशभराचं म्हणाल तर २०२० च्या शरद ऋतूत शाळा उघडल्या तेव्हा केंद्र सरकारकडे शाळांतल्या रुग्णांचा एकत्र हिशोबच नव्हता. शिक्षण खात्याच्या तेव्हाच्या मंत्री बेट्सी डेव्हॉस यांना ते काम आपल्या खात्याचं वाटत नव्हतं. ऑगस्टमध्ये कॅन्सस राज्यातल्या एका शाळेत नाटक शिकवणाऱ्या बाईंनी बातम्या वेचून स्वतःच एक गूगल शीट सुरू केली. ती इतकी वाढली की पुढे शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने ती चालवायला घेतली. ब्राउन विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञ एमिली ऑस्टर यांनी शाळांकडून माहिती मागवून वेगळा डॅशबोर्ड उभा केला. त्याच्यावर पुढे भरपूर वाद झाले. ज्या शाळांना आकडे द्यायची हौस किंवा ताकद होती त्याच त्यात आल्या, हा त्यातला मुख्य आक्षेप. मला त्या नाटकवाल्या बाईंचं कौतुक जास्त वाटतं. एक्सेल उघडून बसलेली बाई मला लगेच आपली वाटते.

तर माझी शीट. नर्सबाई आणि मी, आम्ही दोघी ती चालवायचो. एका मुलाची एक ओळ. लक्षणं कधी सुरू झाली, टेस्ट कधी झाली, शाळेत शेवटचा दिवस कोणता, बसचा नंबर, जेवणाचं टेबल, खेळ, बँड, भावंडं कुठल्या शाळेत. लक्षणं सुरू झाली त्याच्या दोन दिवस आधीपासून मूल संसर्ग पसरवू शकतं असं धरायचं, आणि त्या दोन दिवसांत ते शाळेत असेल तर त्याच्या आसपासची मुलं शोधायची. सहा फुटांच्या आत, चोवीस तासांत मिळून पंधरा मिनिटं किंवा जास्त: तो क्लोज कॉन्टॅक्ट. पण वर्गात दोन्ही मुलांनी मास्क नीट लावलेला असेल आणि मध्ये तीन फूट असतील, तर नाही. शिक्षकांना ही सवलत नाही. जेवताना मास्क नाही, म्हणून तिथे परत सहा फूट. म्हणजे गणिताच्या तासाला शेजारी बसणारी दोन मुलं एकमेकांची कोणी नव्हती आणि कॅफेटेरियात पिझ्झा खाताना एकदम क्लोज कॉन्टॅक्ट होती. आमचे व्हाइस प्रिन्सिपल खिशात मेजरिंग टेप घेऊन फिरायचे. बँडच्या खोलीत ट्रम्पेटवाल्या पोरांच्या खुर्च्या मोजताना मी त्यांना पाहिलं आहे. हसू दाबायला मास्कचा असा उपयोग झाला.

माझे बाबा तलाठी होते. लहानपणी पीक पैसेवारी (गावचं पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज) हा शब्द मी बाराखडीच्या आधी ऐकला असेन. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या खाली गेली की गावाला टंचाईच्या सवलती, वर राहिली की काही नाही. त्यामुळे पन्नासच्या आसपास सगळ्यांचे डोळे बारीक व्हायचे. न्यू जर्सीच्या आरोग्य खात्याची 'आउटब्रेक'ची व्याख्या वाचली तेव्हा मला बाबांचं ते कापडी बांधणीचं दप्तर आठवलं. चौदा दिवसांत तीन किंवा जास्त रुग्ण, प्रयोगशाळेत सिद्ध झालेले, शाळेतूनच एकमेकांशी दुवा असलेले, एका घरातले नकोत, बाहेर कुठे एकमेकांच्या संपर्कात आलेले नकोत. त्याच्या आदल्या वर्षी हा आकडा दोन होता. म्हणजे एकाच सॉकर टीममधली तीन मुलं पॉझिटिव्ह आली, पण रविवारी एकाच्या वाढदिवसाला तिघं होती असं कळलं, तर शाळेच्या नावावर आउटब्रेक नाही. हे चूक आहे असं माझं म्हणणं नाही. संसर्ग शाळेत झाला की बाहेर, हे वेगळं काढायलाच हवं. पण तो वाढदिवस शोधायला मात्र सगळे फार मन लावून मदत करायचे.

छेद म्हणजे भागाकारातली खालची संख्या, तिचीही एक गंमत. २०२०-२१ मध्ये निम्म्याहून जास्त मुलं घरून शिकत होती, तरी टक्केवारी काढताना पूर्ण पट घेतलेला मी पाहिला आहे. पटावर सातशे, इमारतीत त्या दिवशी दीडशे. भागायचं सातशेने. मी एकदा विचारलं. "फॉरमॅट वरून आलाय," असं उत्तर मिळालं. हे वाक्य मराठीत ऐकत मी लहानाची मोठी झाले.

आता तो फोन.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला, गुरुवारी आलं. इथे नोव्हेंबरात शिक्षकांचं राज्य अधिवेशन असतं, त्याची गुरुवार-शुक्रवार सुट्टी नेमकी त्यालाच जोडून. इतकी जुळलेली दिवाळी इथे क्वचित मिळते. दीड वर्ष घरात कोंडलेली माणसं. कुणाच्या तरी घरी पाच-सहा कुटुंबं जमली नसती तरच नवल. मीही एका घरी अनारसे खाऊन आले होते.

"ताई, ह्याला कालपासून जरा कणकण आहे," ती म्हणाली. मुलगा सातवीत. "घसापण धरलाय. पण तुम्ही पोट दुखतंय असं लिहाल का?"

मी म्हटलं, "अगं, टेस्ट करून घे ना."

"केली आणि आली तर? धाकट्याला पण बसवतील घरी."

तिचा हिशोब बरोबर होता, तोच तर त्रास होता. थोरला पॉझिटिव्ह आला तर तो दहा दिवस घरी. धाकटा दुसरीत; पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना लस द्यायला आदल्याच आठवड्यात परवानगी मिळाली होती, म्हणजे त्याची लस झालेलीच नव्हती. एका घरात वेगळं राहता येत नसेल तर धाकट्याचे दिवस थोरल्याचे संपल्यावर मोजायला सुरुवात. एकूण वीसेक दिवस. तिला नोकरी लागून दोन महिने झाले होते, रजा साठलेली नव्हती. नवरा टेक्सासला प्रोजेक्टवर. सासू-सासरे नाशिकला.

मी 'पोटदुखी' लिहिलं.

लिहिताना मी स्वतःला समजावलं की पालक सांगतात ते लिहायचं हेच माझं काम आहे. हे खरंही आहे. नुसत्या पोटदुखीवर आमच्याकडे कुणी टेस्ट मागत नसे. शिवाय लक्षणं रविवारची, दोन दिवस मागे गेलं तर शुक्रवार, आणि शाळेचा शेवटचा दिवस बुधवार. म्हणजे नियमानेसुद्धा त्याच्यामुळे वर्गातलं एकही मूल घरी बसलं नसतं. हे गणित मी फोन ठेवायच्या आधीच करून टाकलं होतं. त्या वर्षी माझ्या डोक्यात हे असलं आपोआप चालायचं.

त्या शुक्रवारी तक्त्यात आमच्या शाळेपुढे विद्यार्थी: शून्य.

पुढच्या मंगळवारी धाकट्याच्या शाळेतल्या नर्सचा आमच्या नर्सबाईंना फोन. धाकट्याला डॉक्टरांकडे नेलं होतं, पीसीआर पॉझिटिव्ह. थोरला तुमच्याकडे आहे ना? नर्सबाईंनी माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि शीटमध्ये त्याचं नाव शोधलं. ८ नोव्हेंबर, पोटदुखी. ९, पोटदुखी. १०, पोटदुखी. ११ ला हजर.

"तीन दिवस पोटदुखी?" त्यांनी विचारलं.

"आईने तसं सांगितलं," मी म्हटलं.

बाई वीस वर्षं शाळेत नर्स. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि थोरल्याला वर्गातून बोलावणं धाडलं. त्या संध्याकाळी साडेसहापर्यंत आम्ही दोघी फोन करत होतो, कारण आता ११ तारखेपासूनचे सगळे दिवस मोजायचे होते. सहा घरांत फोन गेले. त्यातलं एक घर दिवाळीला माझ्या पंगतीला बसलेलं.

त्याच रात्री ग्रुपवर मेसेज: "शाळेची मेल आली. सातवीत कोण आहे, कुणाला माहितीये का?" आणि खाली माझ्या नावाचा टॅग. शाळेच्या मेलमध्ये कधीच काही नसायचं. 'इमारतीतील एक व्यक्ती' एवढंच. मुलगा की मुलगी, शिक्षक की शिपाई, काही नाही. लोक म्हणायचे, हिपामुळे, म्हणजे वैद्यकीय माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे, सांगत नाहीत. खरं तर शाळेच्या दप्तरातल्या नोंदींना सहसा तो कायदा लागत नाही. त्यांना फर्पा लागतो, १९७४ चा, शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेचा. किती मुलं हे सांगता येतं, कोण ते कळेल असं काही सांगता येत नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं. एका काकांनी अंगठा दिला. दुसऱ्या एकीने खासगीत विचारलं, "मला तरी सांग." तो मेसेज मी अजून पुसलेला नाही.

जानेवारीचं फार लिहीत नाही. ओमिक्रॉन आला, ३ तारखेला शाळा उघडली आणि व्हॉइसमेल इतका भरला की नवीन निरोप घेईना. घरच्या घरी टेस्ट करायच्या पेट्या सर्रास वापरात आल्या. पालक दोन रेघांचा फोटो मेल करायचे, किंवा नाही करायचे. आउटब्रेकच्या व्याख्येत प्रयोगशाळेतलीच टेस्ट धरली जायची, आणि प्रयोगशाळेत नंबर लागायला चार-चार दिवस. विलगीकरण दहा दिवसांवरून पाचवर आलं. म्हणजे आम्ही नाव शीटमध्ये टाकेपर्यंत मूल परत यायच्या बेतात. कोण कुणाच्या शेजारी बसलं होतं हे विचारणं हळूहळू बंदच पडलं. तरीही शुक्रवारी दुपारी तक्ता चढायचाच, दशांश चिन्हासकट. ७ मार्चला राज्याने शाळांतली मास्कसक्ती उठवली. जूनमध्ये नर्सबाईंनी शीट मला परत पाठवली, "तुझ्याकडेच ठेव, मला ती बघवत नाही."

परवा ओक ट्री रोडवरच्या इंडियन ग्रोसरीत ती भेटली. बऱ्याच दिवसांनी. थोरला यंदा अकरावीत आहे म्हणे, तिच्यापेक्षा हातभर उंच. दोन्ही पोरांचं, नवऱ्याच्या नव्या नोकरीचं बोलून झालं. मग मध्येच, काकड्या निवडता निवडता म्हणाली, "ताई, तेव्हा त्याला तोच होता हो. मी नंतर घरी टेस्ट केली होती. दहा तारखेला."

दहा तारखेला. म्हणजे ११ ला तिने त्याला पाठवलं तेव्हा तिला माहीत होतं.

"निगेटिव्ह आली होती," ती पुढे म्हणाली. "म्हणून पाठवला."

घरच्या टेस्टचं काय खरं, हे आम्हाला दोघींना आता चांगलं माहीत आहे. मी तिच्या पिशवीत बघितलं. शेपूची ताजी जुडी होती, मला सगळ्या दुकानभर दिसली नव्हती. कुठे मिळाली विचारलं, तर म्हणाली, मागच्या फ्रिजमध्ये आहेत, दोनच उरल्यात, पळा.