एका फ्लॅटच्या तीन मातृभाषा

फोन कोणाचा आलाय हे आमच्या घरी विचारावं लागत नाही. बाबा गॅलरीत जाऊन, आवाज दुप्पट चढवून "काय गो, पावस पडता काय थंय?" म्हणाले की समजायचं, कणकवलीची आत्या. आईने ओट्यापाशीच, मान वाकडी करून "काय भाऊ, बरं शे ना?" म्हटलं की धुळ्याचा मामा. फोन ठेवल्यावर दोघं एकमेकांशी बोलतात ती मात्र तिसरीच भाषा. शाळेत शिकलेली, कडक इस्त्रीची मराठी. एक कोकणातला, एक खानदेशातली, भेटले डोंबिवलीत. मधल्या मध्ये कुठेतरी भेटायचं तर हीच जागा होती.

बाहेरून बघणाऱ्याला आमचं घर शुद्ध मराठी. जनगणनावाल्यांचा हिशोब मात्र वेगळा आहे. त्यांच्या लेखी मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी बोलायची ती भाषा. २०११ साली लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावं भरली १९,५६९. ती चाळून, जुळवून १,३६९ उरली आणि शेवटी १२१ भाषांच्या पेट्यांत बसवली गेली. त्या पेट्यांत बाबांची मालवणी कोकणीखाली आहे आणि आईची अहिराणी खान्देशीखाली. मराठीखाली दोन्ही नाहीत. म्हणजे खरं सांगायचं ठरवलं तर बाबा कोकणीत, आई खान्देशीत आणि मी एकटाच मराठीत. दोन खोल्या-स्वयंपाकघरात तीन वेगळे रकाने!

समोरच्या दारातली गंमत याहून मोठी. ते कच्छी. भिंतीवर गुजराती कॅलेंडर, सकाळी गुजराती पेपर, पण काका-काकी आपसात बोलणार कच्छीच. जनगणनेत कच्छी मोजतात सिंधीत. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण "काका, तुम्ही आणि उल्हासनगरवाले एकाच पेटीत" हे त्यांना सांगायची माझी छाती नाही. त्यांच्याकडचा चहा चांगला असतो.

खरं तर घराला भाषा असते हेच मला हल्ली पटत नाही. भाषा असते ती जोडीला. बाबा आणि आत्या ही एक जोडी, तिची मालवणी. आई आणि मामा, त्यांची अहिराणी. बाबा माझ्याशी मालवणीत कधीच बोलले नाहीत, आणि आज अचानक बोलायला लागले तर दोघांनाही अवघडल्यासारखं होईल. वरच्या मजल्यावरच्या तमीळ मामी नातवाला "साप्टाच्चा?" (जेवलास का?) विचारतात, तो "येस पाट्टी" (हो आजी) म्हणतो. ती जोडी चालते दोन भाषांवर. त्याला तमीळ सगळं कळतं, बोलता येत नाही. उपनगरांतल्या माझ्या पिढीचं आणि पुढच्या पिढीचं हेच झालंय. मालवणीतले टोमणे मला नेमके लागतात, उलट टोमणा मारायचा तर मराठीत यावं लागतं. २०११च्या जनगणनेच्या अर्जात मातृभाषेला एक रकाना होता, येणाऱ्या इतर भाषांना दोन. नुसत्या कळणाऱ्या भाषेला एकही नव्हता.

वर्षातून एकदा मात्र मालवणी जोडी सोडून बाहेर येते. गणपतीत. भटजींचं संस्कृत झालं, आरतीचं मराठी झालं, की बाबा हात जोडून गाऱ्हाणं घालतात: "बा देवा म्हाराजा..." एरवी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंड न उघडणारा माणूस त्या दोन मिनिटांत देवाशी थेट व्यवहाराचं बोलतो. कोणाची नोकरी, कोणाचं लग्न, कोणाचा गुडघा, कोणाची वाट कोणी अडवली असेल तर ती मोकळी कर. आणि दर वाक्याला सगळ्यांनी ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" कच्छी काका ओरडतात, तमीळ मामी ओरडतात, त्यांचा नातू तर सगळ्यांत मोठ्याने. त्याच्या तोंडून आख्ख्या वर्षात निघणारं हे बहुधा एकमेव इंग्रजीविरहित वाक्य. काकांनी गेल्या खेपेला हळूच बाबांना गाठून आपल्या मोतीबिंदूचंही गाऱ्हाण्यात घालायला सांगितलं.

आईची अहिराणी अशी चारचौघांत येत नाही. श्रावणात कानबाई देवीची गाणी गुणगुणते तेवढीच. आणि मिक्सर चालू असताना, म्हणजे कोणी ऐकत नाही याची खात्री असताना.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि या वेळी माहिती स्वतःच ऑनलाइन भरायची सोयही आहे. मोबाइल माझ्या हातात, म्हणून मी परवा दोघांना विचारून ठेवलं. बाबा म्हणाले, "मराठीच भर. मालवणी काय वेगळी भाषा आहे?" आई म्हणाली, "माझी अहिराणी लिही." यावर बाबांनी तिला विचारलं, की मग मालवणीने काय घोडं मारलंय? आई म्हणाली, तुम्हीच आत्ता नको म्हणालात. अर्धा तास चाललेला हा वाद अथपासून इतिपर्यंत शाळेतल्या मराठीत झाला.