शब्दांचा रतीब : आमची वाटचाल

आमच्या फर्मची पहिली मालमत्ता म्हणजे एक स्प्रेडशीट. लॅपटॉप दोघींचे जुनेच होते आणि नावाची नोंदणी बरीच नंतर झाली, पण शीट मात्र पहिल्या दिवसापासून होती. डावीकडे तारीख, मग भागीदारीणबाईंचे शब्द, मग माझे, शेवटी बेरीज. रोज प्रत्येकी दोन हजार, असं ठरलं होतं. दोन हजारच का? गोल आकडा, म्हणून. ग्राहकांच्या वेबसाइटसाठी लेख, उत्पादनांची वर्णनं, न्यूजलेटर असं काम होतं आणि पैसे शब्दामागे मिळायचे. त्यामुळे जितके शब्द तितकी कमाई, हा हिशेब कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या काळात मी अँथनी ट्रोलोपच्या प्रेमात होते. एकोणिसाव्या शतकातला हा इंग्रज कादंबरीकार पोस्टात नोकरी करायचा, पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा आणि समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला 250 शब्द काढायचा. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. मी लगेच गुणाकार केला. तासाला हजार, म्हणजे आठ तासांचे आठ हजार! आम्ही तर दोनच हजार मागतोय, म्हणजे किती नेमस्त आहोत. पुढचं वाक्य मी सोयीस्करपणे विसरले होते. दिवसाला तीन तास लिहिणं माणसाला पुरे, असंही तोच म्हणतो, आणि त्या तीनातला पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं वाचण्यात घालवायचा. आमच्या शीटमध्ये वाचनाला रकानाच नव्हता.

पहिले दोनेक महिने झकास गेले. मग माझ्या भागीदारणीला ताप आला. चार दिवस रकाना रिकामा. आमचा नियम असा की राहिलेले शब्द पुढच्या दिवसावर चढवायचे, सावकारी खात्यासारखे. पाचव्या दिवशी ती उठून बसली तेव्हा तिच्या नावावर दहा हजार शब्द उभे होते. तिने तीन हजारांपर्यंत मजल मारली आणि लॅपटॉप मिटून म्हणाली, "मी हे खातंच बुडवते." मी रागावले. आठवडाभर आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं.

शेवटी नियम बदलला : रात्री बाराला खातं शून्य. जे राहिलं ते राहिलं. मला भीती होती की याने आळसाला परवानाच मिळेल. खरं सांगायचं तर सुरुवातीला थोडा मिळालाच. दांड्या वाढल्या. पण एक दांडी पडली की तिच्यामागे सगळा आठवडा वाहून जायचा, ते थांबलं. बाकी डोक्यावर असली की माणूस लिहायला बसतच नाही. बसून फेडता येणार नाही हे त्याला आधीच कळलेलं असतं.

खरी मेख मात्र वेगळीच होती, आणि ती दाखवली आमच्या मुद्रितशोधक ताईंनी. त्या निवृत्त शिक्षिका, आम्हा दोघींपेक्षा बऱ्याच मोठ्या. एका दुपारी त्यांनी आमच्या महिन्याभराच्या लेखांची फक्त पहिली वाक्यं एकाखाली एक छापून आणली. 'आजच्या धावपळीच्या जगात', 'सध्याच्या धकाधकीच्या जीवनात', पुन्हा 'आजच्या धावपळीच्या जगात'. "अगं, जग धावतंय हे कळलं मला," त्या म्हणाल्या. "पुढे?"

रतिबाच्या दुधात पाणी पडावं तसं झालं होतं. घरोघरी माप पुरं भरत होतं, तक्रार कुणाची नव्हती. 'उपयुक्त'चं 'अत्यंत उपयुक्त ठरू शकणारं' झालं की तीन शब्द जमा. 'तपासा' असं न लिहिता 'तपासणी करून घेणे आवश्यक आहे' लिहिलं की चार. हे कुणी ठरवून करत नव्हतं, म्हणूनच ते पकडता येत नव्हतं. मोजमापालाच उद्दिष्ट केलं की ते मोजायला निरुपयोगी होतं, असा विचार चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावाने ओळखला जातो. त्याने 1975 मध्ये तो चलनविषयक धोरणाबद्दल मांडला होता. आम्ही तो विशेषणांवर सिद्ध केला.

मग शीटमध्ये 'कापले' असा रकाना आला. सकाळी कच्चा खर्डा, तो कसाही चालेल, फक्त शब्द मोजायचे. दुपारनंतर त्यातून उडवलेले शब्द मोजायचे, आणि तेही कमाई म्हणूनच. शुक्रवारी बघायचं, पूर्ण झालेले किती लेख ग्राहकांकडे गेले. चौदाशेचा लेख नऊशेवर आला की आम्ही एकमेकींना दाखवत असू. मधल्या काळात वाचकसंख्येचंही उद्दिष्ट ठेवून पाहिलं. तो आकडा रोज बघण्यात वेळ जायचा आणि तो हलवणं आमच्या हातात फारसं नव्हतं. काढून टाकलं.

कापाकापीचा खर्च मात्र आला. शब्दामागे पैसे घेणाऱ्या फर्मने शब्द कापणं म्हणजे स्वतःच्याच खिशाला कात्री. म्हणून आमचा दर शब्दाऐवजी लेखामागे केला. एका जुन्या ग्राहकाला ते पटलं नाही. "कमी शब्दांना तेवढेच पैसे?" असं विचारून ते गेले. त्यांचं काम आमच्याकडचं सगळ्यात मोठं होतं. पुढचे सहा महिने नाकी नऊ आले, आणि त्या काळात मी दोनदा जुना दर परत आणायचा विषय काढला. भागीदारीणबाई ठाम राहिल्या.

2022 च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं आणि काही आठवड्यांतच ईमेल येऊ लागले : दोन हजार शब्द तर आता मिनिटभरात होतात, मग तुम्ही काय करता? प्रश्न उद्धट होता, पण चुकीचा नव्हता. उत्तर शोधायला आम्ही आमचे चांगले ठरलेले लेख पुन्हा उघडले. प्रत्येकामागे कुणाशी तरी झालेलं बोलणं होतं. यंत्र दुरुस्त करणाऱ्या माणसाने सांगितलेली नेमकी चूक होती, ग्राहकसेवेच्या फोनवर बसणाऱ्या मुलीला रोज येणारा प्रश्न होता. मग आणखी एक रकाना वाढला, 'विचारपूस'. लेखाआधी किती जणांशी बोललो, एवढाच. आठवड्याला पाच.

तो भरणं सगळ्यात अवघड जातं. दोन हजार शब्द एकटीने दार लावून लिहिता येतात. फोन करायला समोरचा माणूस मोकळा असावा लागतो, आणि मला तर अनोळखी माणसाला फोन लावण्याआधी टेबल आवरायची हुक्की येते.

या आठवड्याची ओळ अशी आहे : खर्डा 6,200, कापले 1,900, लेख तीन, विचारपूस चार. गुरुवारचा तिचा रकाना कोरा आहे. का, ते मी विचारलेलं नाही.