ब्लेझर आणि पेटारा

ऑक्टोबरच्या उकाड्यात, सावंतवाडीत, मी ब्लेझर घालून उभी होते. अख्खा पावसाळा कपाटात काढल्यामुळे त्याच्या कॉलरवर बुरशी आली होती. ती ओल्या फडक्याने पुसली, दोन उन्हं दाखवली, तरी डांबरगोळ्यांचा वास गेला नाही. कॉलेजच्या मुलांपुढे माझी ओळख करून दिली ती 'यशस्वी उद्योजिका' म्हणून. म्हणजे पडवीत कोकमाचं आगळ करून बाटल्या भरणारी मी! पाठीवरून घामाचे ओघळ आणि मनात एकच, आता कोणीतरी उठून विचारणार, तुम्हाला इथे कोणी बोलावलं?

या धास्तीला नाव आहे, इम्पोस्टर सिंड्रोम, म्हणजे आपण तोतये आहोत आणि पकडले जाणार ही भीती. मानसशास्त्रज्ञ पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ साली तिच्यावर लिहिलं, तेही कर्तबगार बायकांबद्दलच. कपड्यांवरही प्रयोग झाला. २०१२ मध्ये लोकांना पांढरा कोट घालायला दिला. हा डॉक्टरांचा, असं सांगितलं की लक्ष जास्त लागायचं; तोच कोट चित्रकाराचा म्हटला की नाही. त्याच अभ्यासात, कोट घातलेल्यांचं लक्ष न घातलेल्यांपेक्षा जास्त लागतं, असंही दिसलं होतं; पुढे दुसऱ्यांनी ते तपासून पाहिलं, तर फरक दिसला नाही. माझ्या ब्लेझरला हे आधीच ठाऊक असावं.

पुढे जत्रेत दशावताराच्या पडद्यामागे डोकावले. एक नट पेटाऱ्यावर बसून, गुडघ्यावर आरसा टेकवून स्वतःच स्वतःला रंगवत होता. दिवसा काजूच्या बागेत राबणारा माणूस. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, असं या लोकांबद्दल म्हणतातच. लिहिलेली संहिता नाही, संवाद आयत्या वेळी सुचतील ते. मी म्हटलं, "काका, राजा होताना भीती नाय वाटणा?"

त्यांनी मुकुटाकडे बोट दाखवलं. "राजा मी खयचो? राजा थय आसा. मी तेका फक्त उभो करतंय."

आणि भुवई कोरायला लागले.

मला हेवा वाटला. सोंग घेतलंय हे ते उघड सांगतात, पुढ्यात बसलेल्या सगळ्यांना ते माहीत असतं, तरी राजा दरडावला की पोरं गप्प होतात. मी मात्र ब्लेझरची बटणं लावून, आत कोण आहे हे लपवत बसले होते.

परवा तो पुन्हा उन्हात टाकला. पुढच्या आठवड्यात कर्जासाठी बँकेत जायचंय. वास काही जात नाही.